नारिंगी साठ

मालवणच्या बंदरावर बर्फाचा कारखाना चालवणाऱ्या गुरुदासांचा आवाज असा होता, की ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घालण्याचा मान वयाच्या चाळिशीतच त्यांच्याकडे चालत आला. एकाने देवापुढे उभे राहून गावाचे मागणे खणखणीत शब्दांत मांडावे आणि प्रत्येक वाक्याअखेर जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ असा एकमुखाने दुजोरा द्यावा, ही तिकडची जुनी रीत. गुरुदास गाऱ्हाणे घालू लागले म्हणजे समुद्रावरचा वारादेखील क्षणभर खाली बसतो, असे वाडीत बोलले जाई. देवाची देणगी, असे लोक म्हणत आणि गुरुदास नम्रपणे मान लववीत. ही देणगी वस्तुतः कोठून आली, हे त्यांच्या पत्नीला, यशोदाबाईंना, तेवढे ठाऊक होते. आणि त्या माहितीचा उपयोग त्या फार जपून करीत.

तारुण्यातली बावीस वर्षे गुरुदासांनी मालवाहू बोटींवर काढली होती. पहिल्याच खेपेला स्वीडनमधील गोथेनबर्ग बंदरात बोट आठवडाभर अडकली. कडाक्याची थंडी होती. ऊब मिळेल म्हणून ते एका तळघरात शिरले आणि तेथे त्यांना आयुष्यात प्रथमच हार्डकोर पंक नावाचे संगीत ऐकू आले. उदबत्तीची पहिली राख गळून पडेपर्यंत एकेक गीत संपत होते. वाद्ये अशी वाजत होती, की जणू कोणी त्यांच्या पाठीस लागले आहे. गाणारा गात नव्हताच. तो जिवाच्या आकांताने काहीतरी मागत होता आणि बाकीचे चौघे प्रत्येक ओळीअखेर त्याला गर्जून साथ देत होते. इतरांचे कान किटले. त्या विशीतल्या खलाशाला मात्र, हजारो कोसांवरच्या त्या तळघरात, आपल्या देवळाचा सभामंडप आठवला आणि त्याचे डोळे भरून आले.

त्या रात्रीपासून त्यांना गाण्यांच्या तबकड्यांचा नाद लागला. पुढे त्यात रंगांचा नाद मिसळला. ही मंडळी आपली गीते काळ्या तबकडीवर काढतात आणि त्यातल्याच शेदीडशे निराळ्या रंगात ओततात. गुरुदासांच्या फडताळात खोबऱ्यासारखी पांढरीशुभ्र होती, सोलकढीच्या रंगाची होती, शेवाळी होती, जांभळीवर पांढरे शिंतोडे उडालेलीही होती. कारखान्यातून आले, की दार लोटून ते एखादी लावीत आणि तिच्याबरोबर ओरडत. गाऱ्हाण्याचा आवाज घडला तो असा.

यशोदाबाईंचा आक्षेप आवाजाला नव्हता.

“गाणा तांच, माणसा तींच, आणि फक्त रंग दुसरो!” त्या म्हणत. “मगे उद्या मी एकाच काठाची सात रंगांची लुगडी घेतलंय तर तुमी गप रवशात?”

“घे गो. मी खंय नको म्हणतंय?”

“आणि सातय एकदम नेसून बाजारात जातंय. चलात?”

यावर गुरुदास दार लोटून पुढची तबकडी लावीत.

प्रकरण हातघाईवर आले ते त्यांच्या कन्येच्या, तेजस्वीच्या, लग्नाच्या बोलणीपासून. कुडाळचे शंकरराव आणि रुक्मिणीबाई आपला मुलगा विनीत याच्यासह मुलगी पाहायला आले, त्या दिवशी मुलीचे वडील घरात नव्हते. परदेशातून आलेली एक तबकडी परत जाऊ नये म्हणून ते कुरियरच्या कचेरीत तिष्ठत बसले होते. पाहुणे चहा घेऊन उठले, तेव्हा हे काखेत चौकोनी पुडके मारून दारात उगवले. सोयरीक जमली, ही तेजस्वीची पुण्याई. पाहुण्यांची गाडी वळणाआड जाताच यशोदाबाईंनी नवऱ्याच्या हातात नारळ दिला आणि त्यांना थेट देवळात नेले.

“गावाची गाऱ्हाणी रोज घालतास. आज सोताचा घाला.”

आणि देवापुढे, चार शेजाऱ्यांच्या साक्षीने, गुरुदासांना आपल्या त्याच सुप्रसिद्ध आवाजात म्हणावे लागले, “बा देवा म्हाराजा! आज ह्यो गुरुदास तुझ्या पायाकडे नारळ ठेवून सांगता, चेडवाचा लगीन होयसर एकय तबकडी इकत घेवचो नाय!”

“व्हय म्हाराजा!” असे चार शेजारी म्हणाले. सर्वांत मोठा आवाज यशोदाबाईंचा होता.

आता दैवयोग पाहा. शपथेला पुरता महिना झाला नव्हता, तोच गोथेनबर्गच्या एका निवृत्त ट्रामचालकाचा संदेश आला. ज्या चमूच्या नावाचे मराठी ‘गंजलेला नांगर’ असे होईल, त्याची पहिली तबकडी नारिंगी रंगात दीडशेच निघाली होती. तीच तबकडी काळ्या, हिरव्या आणि दुधी रंगात गुरुदासांजवळ होती. नारिंगीसाठी ते अकरा वर्षे या ट्रामचालकाच्या मागे लागले होते. आता तो द्यायला तयार झाला होता. मात्र पैसे त्याला नको होते. फार वर्षांपूर्वी गुरुदासांनी बोटीवर त्याला एक आंबट-गोड, पिवळी, चिवट पोळी खाऊ घातली होती. तिची चव आपल्या जिभेवरून अजून गेलेली नाही; तसल्या चार पोळ्या पाठव आणि तबकडी घे, असे त्याने लिहिले होते.

ती पोळी म्हणजे आंब्याचे साठ. हापूसचा रस ताटात पातळ ओतून, उन्हात थरावर थर वाळवून, यशोदाबाई दर उन्हाळ्यात साठे घालीत आणि पावसाळ्यासाठी स्टीलच्या मोठ्या डब्यात भरून ठेवीत. गुरुदासांनी सारी दुपार शपथेचा शब्दन्‌शब्द पारखला. ‘इकत घेवचो नाय’ असे देवाला सांगितले होते. बदल्यात घेण्याविषयी देवापुढे अवाक्षर निघाले नव्हते. ‘इकत’ हा शब्द तर यशोदाबाईंनीच सुचवला होता. देव शब्दाला बांधलेला असतो, असा स्वतःस अनुकूल निर्णय करून त्यांनी डब्यातली वरची चार साठे हळूच काढली आणि स्वीडनला रवाना केली.

तीन आठवड्यांनी कारखान्याच्या पत्त्यावर तबकडी आली. वीतभर रुंदीची ती वस्तू गुरुदासांनी उन्हाकडे धरली, तेव्हा पाडाला आलेल्या फळातून सूर्य पाहावा तसा उजेड त्यांच्या तोंडावर पडला. पण ती ठेवायची कोठे? कारखान्यात ओल. फडताळातली एकूणएक तबकडी यशोदाबाईंच्या ओळखीची. शेवटी कोणत्याही संग्राहकाने करू नये ते त्यांनी केले. कागदी वेष्टन कारखान्यातल्या जुन्या कॅलेंडरामागे दडवले, नुसती तबकडी साठांसारखीच बटर पेपरात गुंडाळली आणि साठांच्या डब्यात, वरून दुसरी, सरकवून दिली. पावसाळा लागेपर्यंत त्या डब्याला कोणी हात लावत नसे. आणि लग्न तर पावसाआधीच होते.

आठ दिवस सुखात गेले. नवव्या दिवशी दुपारी ते जेवायला घरी आले, सहज फळीकडे नजर टाकली आणि जागच्या जागी थिजले. डब्याच्या जागी डब्याचे वर्तुळ तेवढे उरले होते.

“गो तेजू, हंयलो डबो खंय?”

“सकाळी विनीत इल्लो. आयेन दिल्यान तेच्याकडे, व्याह्यांसाठी,” तेजस्वी मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली.

“सगळो?”

“डब्यासकट.” आता तिने मान वर केली. “बाबा, तुमचो चेरो असो कित्या झालो? साठांसाठी कोण असा कासावीस होता?”

गुरुदासांना दिसत होती ती विनीतची मोटारसायकल, तिच्यामागे बांधलेला स्टीलचा डबा आणि वर मे महिन्याचे ऊन. तबकडी उन्हाने मऊ पडते आणि वाकडी होते. आणि एकदा वाकली, की जगातली कोणतीही विद्या तिला सरळ करू शकत नाही. पण परत मागायची कशी? मागावी, तर शपथेची पळवाट उघडी पडणार, आणि तीही व्याह्यांच्या घरी. न मागावी, तर अकरा वर्षांची तपश्चर्या कोणाच्या तरी दाढेखाली जाणार.

संध्याकाळपर्यंत त्यांना निमित्त सापडले. लग्नपत्रिकेवर घालायचा संस्कृत श्लोक शंकररावांना दाखवून घ्यायला हवा होता. शंकरराव कुडाळच्या शाळेत पस्तीस वर्षे संस्कृत शिकवून निवृत्त झालेले. ऱ्हस्व-दीर्घाची चूक दिसली, तर त्यांना जेवण जात नसे.

“उद्या जावन येतंय कुडाळाक. श्लोक दाखवक,” गुरुदास म्हणाले.

“फोनार दाखवा.”

“श्लोक फोनार दाखवतत? मोठो माणूस तो.”

“ह्यां मात्र खरा,” यशोदाबाई म्हणाल्या. “मी पण येतंय. विहीणबायक भेटान दिवस झाले.”

“परवाच दोन तास बोललास नाय?”

“फोनार तोंड दिसता?”

दुसऱ्या दिवशी सकाळी बर्फाच्या टेम्पोतून दोघे निघाले. यशोदाबाईंच्या मांडीवर एक कापडी पिशवी होती. चौके गाव मागे पडले, धामापूरचे तळे आले आणि गेले. एरवी ते टेम्पो चालवताना स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरीत. आज बोटे निश्चल होती.

“श्लोक पाठ करतास की काय?” यशोदाबाईंनी विचारले.

“व्हय.”

“करा करा.”

शंकररावांनी ओसरीवर स्वागत केले. श्लोक त्यांनी चष्मा पुसून तीनदा वाचला. मग प्रत्येक चरणाच्या मात्रा बोटांवर मोजीत ते आनंदाने समजावू लागले. गुरुदास ‘वा, वा’ म्हणत होते. त्यांचे डोळे मात्र स्वयंपाकघराच्या दारातून दिसणाऱ्या फळीवर खिळले होते. तेथे तो डबा होता. फळी सावलीत होती. देवाने निदान तेवढी दया केली होती.

“साठां हाडतंय,” रुक्मिणीबाई उठत म्हणाल्या. “काल डबो उघडूकच नाय. म्हटलंय, तुमी येतलात तेवा खावया.”

“नको नको!” गुरुदास जवळजवळ उभेच राहिले. “माका गोड चलना नाय. साखर वाढल्याली आसा.”

“खंयची साखर?” यशोदाबाई म्हणाल्या. “काल दोन लाडू खाल्लास.”

तोवर रुक्मिणीबाई ताटात एक पोळी घेऊन आल्या होत्या. बटर पेपर बाजूला झाला आणि ओसरीवर तो ओळखीचा नारिंगी उजेड पसरला. गुरुदासांनी डोळे मिटले आणि मग एक डोळा उघडून पाहिले. तबकडी सरळ होती.

शंकररावांनी ती दोन्ही हातांनी प्रसादासारखी उचलली आणि प्रकाशाकडे धरली.

“अहाहा! काय वर्ण आहे! आणि या रेषा पाहिल्यात का? किती सूक्ष्म, किती समांतर! ताटाच्या तळाच्या उमटल्या असणार. विहीणबाई, असे ताट आमच्या घरी नाही.” मग त्यांनी बोटाने टिचकी मारली. “किंचित घट्ट झाले आहे. पण साठाचा खरा गुण तोच. आणि मध्ये हा गोल कागद चिकटवला आहे, तो शोभेसाठी असावा.”

“घट्ट आसा म्हणानच आडाळो हाडलंय,” रुक्मिणीबाई म्हणाल्या.

आडाळो म्हणजे तिकडची विळी. रुक्मिणीबाई पाटावर बसल्या, आडाळ्यावर पाय ठेवला, पाते झळकले. त्यांनी नवऱ्याच्या हातातून तबकडी घेतली, तिची कड पात्याला भिडवली आणि दोन्ही हातांनी जोर द्यायला त्या पुढे झुकल्या.

“थांबाऽऽऽ!”

तो आवाज गोथेनबर्गच्या तळघरात जन्मलेला आणि देवळाच्या सभामंडपात वाढलेला होता. देवघरातली घंटा आपोआप किणकिणली. मांजर ओसरीवरून जे गेले ते थेट विहिरीच्या कठड्यावर. शंकररावांचा चष्मा नाकावरून घसरला.

“कापू नकात,” गुरुदास आता अगदी बारीक आवाजात म्हणाले. “ता साठ न्हय. ती माझी तबकडी.”

आणि एकदा बांध फुटल्यावर त्यांनी सारे सांगितले: ट्रामचालक, चार साठे, डबा, कॅलेंडरामागचे वेष्टन, सगळे. सांगून झाल्यावर त्यांनी पत्नीकडे पाहिले. तिच्या मुद्रेवर राग नव्हता. रुक्मिणीबाई शांतपणे आडाळ्यावरून उठल्या, तबकडी पदराने पुसली आणि म्हणाल्या, “यशोदाबाय, तुमी म्हणालात तसाच झाला. आडाळो बघल्यार पाच मिन्टां पण रवले नाय.”

गुरुदास पत्नीकडे वळले.

“तुका ठावक होता?”

“माझी चार साठां गेली आणि एक नवीन इला, तां पण मधी भोक असलेला,” यशोदाबाई म्हणाल्या. “लगीन होवन तीस वर्सां झाली. माझ्या साठाक भोक कधी पडला?”

“पण मी इकत घेवक नाय गो! देवाशप्पत. बदल्यात घेतलंय.”

“मगे मी खंय इकलंय? मी पण बदल्यातच दिलंय.”

“कसल्या बदल्यात?”

यशोदाबाईंनी पिशवीत हात घातला आणि लाल कापडात बांधलेले एक चपटे पुडके बाहेर काढले. शंकरराव ताडकन उभे राहिले.

“ही... ही पोथी तुमच्याकडे कशी?”

“भाताच्या कणगीत गावली,” रुक्मिणीबाई म्हणाल्या. “कणगीत पोथी कोणी पेरली, तां माका ठावक नाय. पण ह्याच स्तोत्राच्यो आठ पोथयो कपाटात आसत. आठय माझ्या ओळखीच्यो. नवी घेवचंय नाय म्हणान ह्येंनी पाडव्याक माझ्या हातावर पाणी सोडल्यानी. म्हणान ही मी विहीणबायकडे धाडलंय, विनीताबरोबर.”

दोन पुरुषांनी एकमेकांकडे पाहिले. त्या दृष्टीत प्रथम लज्जा होती. मग, शाळेतल्या एकाच बाकावरच्या मुलांना परस्परांच्या दप्तरातली चिंच दिसावी, तसे काहीतरी उमटले.

“नऊही पोथ्यांतले स्तोत्र एकच?” गुरुदासांनी हळूच विचारले. भीतीपोटी त्यांची भाषाही प्रमाण झाली होती.

“अक्षरशः.”

“मग भेद कशात?”

शंकरराव जरा घुटमळले. “समासरेखा. म्हणजे पानाच्या दोन्ही कडांच्या उभ्या रेघा. बाकीच्या पोथ्यांत तांबड्या आहेत. या एकीत त्या हळदी रंगाच्या आहेत.”

गुरुदासांनी अत्यंत आदराने मान हलवली. “म्हणजे रंग.”

“रंग,” शंकरराव म्हणाले.

“आयकलास?” यशोदाबाई विहिणीला म्हणाल्या.

“आयकलंय गो बाये.”

दोघींनी निवाडा दिला, तो असा: तबकडी रुक्मिणीबाईंच्या डब्यात राहील, पोथी यशोदाबाईंच्या पेटीत, लग्नाच्या अक्षता पडल्या, की ज्याची वस्तू त्याला मिळेल. आणि तबकडी कापली नाही, याच्या बदल्यात गुरुदासांनी तिच्यातले गीत येथे, आत्ता म्हणून दाखवावे.

“हंय? वाद्यांशिवाय?”

“काय आसा तरी काय त्यात, तां कळांदे विहीणबायक,” यशोदाबाई म्हणाल्या.

गुरुदास उभे राहिले. सदऱ्याची वरची गुंडी त्यांनी सोडली, डोळे मिटले आणि अठ्ठेचाळीस सेकंद स्वीडिश भाषेत गर्जना केली. शेजारची दोन माणसे कुंपणाशी येऊन उभी राहिली. गीत संपले, तेव्हा ओसरीच्या कौलातून थोडी धूळ खाली येत होती.

शंकरराव डोळे मिटून ऐकत होते. डोळे उघडून ते म्हणाले, “अर्थ काय?”

“बंदर कोणी बंद केले, असे एकजण विचारतो. आम्ही नाही, आम्ही नाही, असे बाकीचे सांगतात.”

“अर्थ राहू द्या,” शंकरराव म्हणाले. “श्वास कोठे घेता? मी लक्ष ठेवून होतो. आमच्या गुरुजींनीसुद्धा इतके लांब पद एका श्वासात कधी म्हटले नाही. पुन्हा म्हणा पाहू.”

दुसऱ्या वेळी, ‘आम्ही नाही’च्या जागी, शंकररावांनी भीतभीत साथ दिली. तिसऱ्या वेळी भीड गेली होती. तेव्हा दोन्ही विहिणी उठून आत चहा करायला निघून गेल्या.

चार दिवसांनी, दुपारी तीनच्या सुमारास, कारखान्यात फोन वाजला. शंकररावांचा स्वर अगदी दबका होता.

“व्याहीबुवा, घरात वामकुक्षी चालू आहे. मी बराच विचार केला. अक्षता पडेपर्यंत वस्तू डब्यात राहावी, असे ठरले. परंतु डब्यात नेमकी तीच वस्तू असल्याची खात्री कोणी करत नाही. उघडून पाहिले, तर नारिंगी पोळी दिसावी, एवढेच.”

“बरोबर,” गुरुदास म्हणाले.

“आणि तुमच्याकडच्या पेटीत लाल कापडात बांधलेले काहीतरी असावे, एवढेच. आमची एक तांबड्या समासाची पोथी तेथे सुखाने राहील. विकत काहीच घ्यायचे नाही.”

“बदल्यात.”

“बदल्यात! उद्या याच वेळी, धामापूरच्या तळ्याशी. मात्र माझी एक अडचण आहे. डब्यातली साठे आमच्याकडे एकूणएक मोजून ठेवलेली आहेत, तबकडी धरून. एक जास्तीचे साठ तुम्हाला आणावे लागेल. आणि आमच्या घरात बारीक लक्ष असते. ते अगदी तबकडीसारखे दिसले पाहिजे.”

गुरुदास घाईने घरी आले. यशोदाबाई बाजाराला गेल्या होत्या. अंगणात, कडक उन्हात, नव्या साठांची ताटे ओळीने मांडलेली होती, वर जाळीचे कापड पसरलेले. त्यांनी कापडाची कड उचलली. एक साठ कडेने काढायचे, मधोमध भोक पाडायचे, एवढेच काम होते. त्यासाठी त्यांनी खिशातून पेनाचे टोपणही आणले होते.

पहिल्याच ताटातले साठ वीतभर रुंदीचे होते. बाकीच्या ताटांपेक्षा ते ताट लहान होते. असे ताट आपल्या घरात आहे, हे गुरुदासांना आज कळले. साठ चांगले वाळले होते, कड सुटली होती, शेजारी बटर पेपरचा एक तुकडा घडी घालून, उडू नये म्हणून वर खडा ठेवून, तयार होता.

आणि साठाच्या मधोमध, कोणीतरी आधीच, टोपणाच्याच मापाचे एक सुबक गोल भोक पाडून ठेवले होते.

गुरुदासांनी टोपण पुन्हा खिशात टाकले. मग घराकडे तोंड करून, आपल्या त्या सुप्रसिद्ध आवाजाला जमेल तितक्या हळू, म्हणाले, “व्हय म्हाराजा.”